अपंगत्वाचा तक्ता

कायद्याच्या पुस्तकात सर्वांत कमी वाचला जाणारा भाग म्हणजे शेवटची परिशिष्टे. वकील ती गरजेपुरती उघडतात, विद्यार्थी सोडून देतात, आणि कामगाराला ती आहेत हे मुळी ठाऊकच नसते. ठाऊक होते ते हाताला पट्टी बांधल्यावर. १९२३ च्या कामगार नुकसानभरपाई कायद्याचे पहिले परिशिष्ट हे असेच आहे. आम्ही ते प्रथम वाचले त्याला आता तीस वर्षे होत आली. कायद्याचे शिक्षण आमच्यापाशी नव्हते, आजही नाही. पण युनियनच्या कचेरीत बसणाराला हा तक्ता पाठ करावाच लागतो, जशी जुन्या काळी दुकानात बसणाराला पावकी-निमकी पाठ करावी लागे.

तक्ता दिसायला साधा आहे. एका बाजूला इजा, दुसऱ्या बाजूला टक्के. अंगठा गेला, ३०. तर्जनी पूर्ण गेली, १४. मधले बोट, १२. अनामिका किंवा करंगळी, ७. बोटाचे नुसते टोक गेले, हाड शाबूत राहिले, तर तर्जनीला ५, मधल्या बोटाला ४ आणि करंगळीला २. एक डोळा गेला, दुसरा चांगला आहे, ४०. हात खांद्यातून गेला, ९०. दोन्ही हात गेले, १००. हे टक्के शरीराचे नव्हेत, दुःखाचे तर नव्हेतच. ते कमावण्याच्या ताकदीचे आहेत. म्हणजे तर्जनी गेलेला माणूस कायद्याच्या मते आता शंभरातला शहाऐंशी कमावणारा उरला.

हिशेबही सांगून टाकतो, कारण तो समजल्याशिवाय पुढचे बोलणे हवेतले होईल. महिन्याच्या पगाराचे ६० टक्के घ्यायचे, त्यांना वयाप्रमाणे ठरलेल्या आकड्याने गुणायचे, आणि आलेल्या रकमेचे तक्त्यातले टक्के काढायचे. तीस वर्षांच्या माणसाचा आकडा २०७.९८ आहे. पगार कितीही असो, तो एका मर्यादेपर्यंतच धरला जातो. केंद्र सरकारने २०२० साली ठरवलेली मर्यादा १५ हजारांची. तेव्हा त्या मर्यादेने पंधरा हजारांचे साठ टक्के नऊ हजार, गुणिले २०७.९८, म्हणजे १८ लाख ७१ हजार ८२० रुपये. ही झाली दोन्ही हातांची किंमत. तर्जनीचे चौदा टक्के, सुमारे २ लाख ६२ हजार. महिना पंचवीस हजार मिळवणाऱ्या कुशल कारागिराची तर्जनीही तेवढ्याचीच, कारण पंधरा हजारांवरचा पगार या हिशेबाला दिसत नाही.

१९२३ चा तो कायदा आता २०२० च्या सामाजिक सुरक्षा संहितेत विलीन झाला आहे आणि ती संहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून अमलात आली. परंतु तक्ता तिच्याही पोटात शिरलेला आहे. कोपराखाली किंवा खांद्याखाली किती अंतरावर हात तुटला यावर टक्के बदलतात, आणि ती अंतरे तेथे २०.३२ सेंटिमीटर व ११.४३ सेंटिमीटर अशी दिलेली आढळतात. असले विचित्र आकडे कोण कशाला ठरवील, असे वाटते. पण त्यांना इंचांत फिरवून पाहावे : बरोबर आठ इंच आणि साडेचार इंच. माप मेट्रिक झाले, पट्टी साहेबाचीच राहिली.

या तक्त्याविषयी लोकांत एक समजूत असते की हे डॉक्टरांनी शास्त्राप्रमाणे ठरवलेले आकडे आहेत. ती समजूत खोडण्यासाठी १९२३ चा मूळ तक्ता पाहावा. त्यात अंगठ्याला २५ टक्के होते, तर्जनीला १०, आणि तर्जनीखेरीज कोणतेही बोट गेले तरी सरसकट ५. एका डोळ्याचे ३०. उजवा हात कोपरापाशी किंवा वर तुटला तर ७०, डावा तुटला तर ६०. ऐकण्याची शक्ती कायमची संपूर्ण गेली तर ५०. पुढे १९६२ साली दुरुस्ती होऊन नवा तक्ता आला. त्यात उजव्या-डाव्याचा भेद गेला, बोटांचे पेरापेराने भाव पडले, आणि पूर्ण बहिरेपणाला शंभर टक्के मिळाले. चाळीस वर्षांत माणसाचा कान काही दुप्पट कामाचा झाला नव्हता. मधले बोटही ५ टक्क्यांवरून १२ टक्क्यांवर चढले, ते लांब झाले म्हणून नव्हे. शरीर तेच, मोजणारांची समजूत बदलली, आणि समजूत बदलायला कोणीतरी भाग पाडले. कोणाला किती अपंग म्हणायचे हे जेथे वाटाघाटीने, दबावाने आणि बहुमताने ठरते, तेथे राजकारण आहेच. राजकारण म्हणजे नुसती निवडणूक असे आम्ही मानत नाही. कोणाच्या वाट्याला काय यावे हे ठरवण्याची जी जागा, तेथे कोण बसतो, हे खरे राजकारण होय.

तक्त्यात आणखीही गमती आहेत. गंमत हा शब्द येथे शोभत नाही, पण दुसरा सुचत नाही. तर्जनी १४ आणि मधले बोट १२, मिळून २६ व्हावेत. पण त्याच तक्त्यात ‘एका हाताची दोन बोटे’ अशी वेगळी नोंद आहे, तिला २०. चार बोटांची बेरीज १४, १२, ७ आणि ७ मिळून ४० होते. पण ‘चार बोटे’ या नोंदीला ५०. मालकाचा वकील एका ओळीवर बोट ठेवतो, आमचा वकील दुसऱ्या, आणि ज्याची बोटे गेली तो मधल्या बाकावर बसून आपल्या हाताकडे पाहत असतो.

मात्र सर्वांत बोलकी नोंद वरच्या भागात आहे. शंभर टक्के अपंगत्व म्हणून ज्या इजा दिल्या आहेत त्यांत दोन्ही हात, दोन्ही पाय, दृष्टी यांच्या रांगेत ‘चेहऱ्याची अतिशय गंभीर विद्रूपता’ ही एक आहे. थोडे थांबून विचार करण्यासारखी ही ओळ आहे. ॲसिडने किंवा उकळत्या धातूने ज्याचा चेहरा भाजला, त्याचे हात चालतात, पाय चालतात, बुद्धी चालते; आणि तरीही कायदा म्हणतो की त्याची कमावण्याची ताकद शून्य झाली. का? कारण त्याला कोणी कामावर ठेवणार नाही. शेजारी बसणार नाही, गिऱ्हाईक दुकानात येणार नाही. म्हणजे येथे अपंगत्व त्या माणसाच्या शरीरात नाहीच. ते पाहणाऱ्यांच्या डोळ्यांत आहे. जी गोष्ट समजावून देण्यासाठी विद्वानांना पुढे ग्रंथ लिहावे लागले ती कायद्याने एका ओळीत कबूल करून ठेवली आहे.

ती गोष्ट आमच्या देशात एका सुताराने सर्वोच्च न्यायालयाकडून वदवून घेतली. ओडिशातील जेपूर येथे एका चित्रपटगृहाच्या शोभेच्या कामावर असताना जुलै १९६८ मध्ये तो पडला, आणि त्याचा डावा हात कोपरावर कापावा लागला. मालकाने तक्ता पुढे केला : या इजेला ७० टक्के लिहिले आहेत, सत्तरच घ्या. भरपाई आयुक्तांनी ते मानले नाही. त्यांनी शंभर टक्के धरले. प्रकरण दिल्लीपर्यंत गेले आणि डिसेंबर १९७५ मध्ये न्यायालयाने आयुक्तांचा निर्णय उचलून धरला. युक्तिवाद अगदी साधा होता : सुतारकाम एका हाताने होत नाही. रंधा धरायला एक हात, लाकूड धरायला दुसरा. हाच हात एखाद्या हिशेबनिसाचा गेला असता तर तो दुसऱ्या दिवशी नसेल, पण दुसऱ्या महिन्यात खुर्चीवर बसला असता. इजा तीच, एकाचे आयुष्याचे काम बुडाले आणि दुसऱ्याचे नाही. म्हणून आम्ही नव्या कार्यकर्त्यांना सांगतो, तक्ता वाचण्याआधी माणसाला विचारा, तू काम काय करतोस?

ज्यांनी या विचाराला शास्त्राचे रूप दिले ते प्राध्यापक नव्हते, निदान आरंभी नव्हते. इंग्लंडमध्ये पॉल हंट नावाचा एक तरुण स्नायूंच्या आजारामुळे हँपशायरमधल्या एका धर्मादाय निवासात राहत असे. कधी उठावे, कधी निजावे, कोणी भेटायला यावे, हे सारे संस्था ठरवणार. त्याने सप्टेंबर १९७२ मध्ये ‘गार्डियन’ पत्राला एक पत्र लिहून आपल्यासारख्यांना एकत्र येण्याचे आवाहन केले. त्यातून जी संघटना उभी राहिली तिच्या नावात ‘युनियन’ हा शब्द होता, याचे आम्हांला साहजिकच कौतुक वाटते. तिच्यात व्हिक फिंकेलस्टाइन हा दुसरा मोठा माणूस. दक्षिण आफ्रिकेत वर्णद्वेषाविरुद्धच्या चळवळीत त्याने तुरुंगवास भोगला होता आणि तेथून तो इंग्लंडला आला होता. काळ्या माणसाने कोणत्या दाराने आत जावे हे सरकार ठरवते, आणि चाकाच्या खुर्चीवरच्या माणसाने कोणत्या दाराने जावे हे गवंडी ठरवतो. या दोहोंतले साम्य त्याला कोणी शिकवावे लागले नाही. १९७६ साली या मंडळींनी आपली तत्त्वे छापली. त्यांचा सारांश आमच्या भाषेत सांगायचा तर असा : व्यंग शरीरात असते, अपंगत्व व्यवहारात असते. पाय चालत नाही हे व्यंग. कचेरीला जिनाच आहे, उतरण नाही, म्हणून नोकरी मिळत नाही, हे अपंगत्व. पहिले डॉक्टरांचे काम, दुसरे समाजाचे. मायकेल ऑलिव्हर या अपंग अध्यापकाने पुढे याला नाव देऊन त्यावर १९९० साली ग्रंथ लिहिला.

हे विलायती तत्त्वज्ञान म्हणून बाजूला सारणाऱ्यांसाठी जयपूरचे उदाहरण देतो. कृत्रिम पाय परदेशांतून येत तेव्हा ते बुटात घालण्यासाठी बनवलेले असत. तो पाय लावून खुर्चीवर बसता येई, फरसबंद रस्त्याने चालता येई. पण आपला माणूस अनवाणी चालतो, चिखलात भात लावतो, उकिडवा बसतो, मांडी घालून जेवतो, देवळात शिरताना पायताण बाहेर काढतो. घोटा न वळणारा तो पाय लावून यांतले काहीही होत नसे. आणि लोक ते महागडे पाय घरी कोपऱ्यात उभे करून पुन्हा कुबडी घेत. जयपूरच्या रुग्णालयात डॉ. प्रमोद करण सेठी शल्यचिकित्सक होते आणि रामचंद्र शर्मा हे कारागीर होते. शर्मांचे शाळेतले शिक्षण बेताचेच, पण हात पिढीजात मूर्तिकाराचे. त्यांनी रबर आणि लाकूड वापरून १९६८ च्या सुमारास असा पाय सिद्ध केला की तो बुटाशिवाय वापरता येतो, घोट्यात वळतो आणि चिखलात खराब होत नाही. पुढे मॅगसेसे पारितोषिक १९८१ साली मिळाले ते डॉक्टरांना. डॉक्टर थोर होते यात शंका नाही. पण कारागिराचे नाव दुसऱ्या ओळीत जाते, हीही आपल्या देशाची रीतच.

या कथेत महत्त्वाचे काय? पाय तुटलेला माणूस दोन्ही काळांत एकच होता. विलायती पायाने तो खुर्चीच्या समाजात चालता झाला आणि जमिनीवर बसणाऱ्या समाजात पांगळाच राहिला. आता उलटा प्रसंग पाहा. आज आपल्या शहरांतून उकिडवे बसायचे काम घटले, खुर्ची सर्वत्र आली. पण त्याबरोबर जिने आले, उंच पायऱ्यांच्या बसगाड्या आल्या, आणि पडद्यावर बोट फिरवल्याशिवाय पैसे न देणारी यंत्रे आली. ज्याला दिसत नाही त्याला गुळगुळीत काचेवर बटण कोठे आहे ते कसे कळावे? प्रत्येक युग आपले नवे अपंग तयार करते. ज्या नगरवाचनालयाच्या दिवाणखान्यांतून आपण अशी व्याख्याने ऐकतो, ते कित्येकदा वरच्या मजल्यावर असतात, आणि जिन्याला कठडाही एकाच बाजूला असतो. श्रोत्यांत अपंग का दिसत नाहीत, याचे उत्तर त्यांच्या रसिकतेत शोधू नये.

आपल्याकडे एक म्हण सर्रास वापरली जाते : आंधळे दळते आणि कुत्रे पीठ खाते. गैरव्यवस्थेचा दाखला म्हणून पुढारीसुद्धा ती भाषणात घालतात. पण या म्हणीतली आंधळी बाई काम करते आहे, हे कोणाच्या ध्यानात आले आहे का? ती भीक मागत नाही. जात्यावर बसली आहे. जुन्या घरात, जुन्या गावात डोळे नसलेलीला दळण होते, पाय नसलेल्याला दोर वळणे होते, राखण होती. कारखान्याने ठराविक वेग, ठराविक उंचीचे टेबल आणि ठराविक माणूस मागितला; त्या साच्यात न बसणारा प्रथमच पूर्णपणे निकामी ठरला. फिंकेलस्टाइननेही हाच मुद्दा मांडला आहे. तरी जुन्या गावाचे गोडवे गाण्याचे आम्हांला कारण नाही. म्हणीचा उत्तरार्ध विसरू नये. दळत होती ती, खात होते दुसरेच.

आणि एक मर्यादाही सांगितली पाहिजे. सारे काही समाजाने केले, असे म्हणून भागत नाही. पाठीचा कणा मोडलेल्या माणसाला उतरण बांधून दिली तरी त्याच्या पाठीच्या जखमा चिघळायच्या त्या चिघळतात. वेदना ही वेदनाच असते. ज्याने ती जवळून पाहिली आहे तो घोषणा जपून देतो. परंतु वेदनेवर औषध मागणे आणि जिन्याला उतरण मागणे या दोन मागण्या एकमेकींच्या आड येत नाहीत. आड येते ती दया. दया म्हणते, बिचारा घरीच बरा.

दयेविरुद्धची लढाई जुनी आहे आणि ती प्रथम कामगारांनीच लढली. ब्रिटनमध्ये अंधांसाठी धर्मादाय कारखाने असत. तेथे टोपल्या, ब्रश, चटया विणायच्या, आणि मजुरी इतकी की पोटाला पुरत नसे. दाते मोठे प्रतिष्ठित असल्यामुळे तक्रार करणे म्हणजे कृतघ्नपणा. तेथल्या अंध कामगारांनी १८९४ मध्ये आपली संघटना केली, १८९९ मध्ये ती कामगार संघटना म्हणून नोंदवली. एप्रिल १९२० मध्ये सुमारे अडीचशे अंध कामगार देशाच्या निरनिराळ्या भागांतून पायी निघाले आणि वाटेत सभा घेत लंडनला पोहोचले. त्यांच्या फलकावरची मागणी होती : न्याय हवा, दान नको. त्याच वर्षी अंध व्यक्तींचा कायदा झाला. अंधांसाठी वृद्धवेतनाचे वय सत्तरावरून पन्नासावर आले आणि त्यांच्या कल्याणाची जबाबदारी स्थानिक सरकारांवर पडली. अमेरिकेत १९७३ च्या कायद्यातले भेदभावबंदीचे कलम सरकार नियम न करता दाबून बसले होते. तेव्हा एप्रिल १९७७ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोच्या सरकारी इमारतीत शंभरावर अपंगांनी मुक्काम ठोकला तो जवळजवळ महिनाभर. त्यांना गरम जेवण पुरवले कृष्णवर्णीयांच्या ब्लॅक पँथर संघटनेने. त्यांची तुकडी वॉशिंग्टनला गेली तेव्हा ट्रकची व्यवस्था केली यंत्रकामगारांच्या युनियनने. २८ एप्रिलला मंत्र्याने नियमांवर सही केली. आपल्याकडे मार्च १९८० मध्ये दिल्लीत नोकऱ्या मागणाऱ्या अंध निदर्शकांवर पोलिसांनी लाठ्या चालवल्या होत्या, हे आज किती जणांना आठवते?

भारतात हक्कांचा कायदा व्हायला १९९५ साल उजाडले. तोवर अपंग म्हणजे एक तर सैनिक, नाही तर दयेचा विषय. पुण्याचे कृत्रिम अवयव केंद्र १९४४ चे; ते लष्कराने लष्करासाठी काढले. महायुद्ध चालू होते तेव्हा ते योग्यच होते. मात्र गिरणीत हात गमावणाराही देशाचे कापड विणत असतो, हे ध्यानात यायला वेळ लागतो. १९९५ च्या कायद्याने सरकारी नोकरीत तीन टक्के जागा ठेवल्या. २०१६ च्या नव्या कायद्याने त्या चार टक्के केल्या, आणि अपंगत्वाचे प्रकार सातांवरून एकवीस झाले. या दोन्ही कायद्यांत कामगारांच्या दृष्टीने सोन्यासारखे एक कलम आहे. नोकरीत असताना अपंगत्व आले तर त्या माणसाला काढता येत नाही, खालच्या पायरीवर उतरवता येत नाही. जुने काम जमत नसेल तर त्याच वेतनश्रेणीत दुसरे काम द्यायचे. तेही नसेल तर जागा निर्माण करून त्यावर ठेवायचे, निवृत्तीपर्यंत. एका निमलष्करी दलातील शिपायाचा पाय कापला गेला आणि त्याला अयोग्य ठरवून घरी पाठवले होते. सर्वोच्च न्यायालयाने २००३ मध्ये याच कलमावर त्याला न्याय दिला.

पण कलमाच्या तोंडाशी दोन शब्द आहेत : सरकारी आस्थापना. खाजगी कारखाना त्यात नाही. सरकारी कारकुनाला जिन्यावरून पडून अपंगत्व आले तर त्याची नोकरी कायद्याने राखलेली. आणि सरकारलाच सुटे भाग पुरवणाऱ्या वर्कशॉपमधल्या पोराची बोटे गेली तर त्याला तक्त्याप्रमाणे टक्के आणि गेटचा रस्ता. अपघात कोठे जास्त होतात, आणि संरक्षण कोठे आहे, हे दोन प्रश्न शेजारी ठेवून पाहावेत.

प्रेसशॉपमध्ये बोटे कशी जातात तेही सांगतो, कारण ‘निष्काळजीपणा’ हा शब्द फार स्वस्त झाला आहे. प्रेस म्हणजे वरून दणका देणारे यंत्र. खाली साचा, त्यात पत्रा ठेवायचा, पायाने पेडल दाबायचे, वरचा साचा येतो, भाग बनतो, तो काढायचा, पुन्हा पत्रा. दिवसाला हजारो वेळा. पेडल पायाशी असल्यामुळे हात मोकळे आणि साच्यात. दोन हातांनी दोन बटणे दाबल्याशिवाय यंत्र न चालणारी सोय असते. हात आत असता दणका न पडू देणारे प्रकाशाचे पडदे असतात. लोखंडी जाळी तर जुनीच. या तिन्ही गोष्टी कारखान्यात नसतात असे नाही. बसवलेल्या असतात आणि उत्पादन घटते म्हणून बंद केलेल्या असतात. दोन बटणांपैकी एकावर पट्टी चिकटवून टाकलेली आम्ही पाहिली आहे. त्यावर कंत्राटदाराचा हेल्पर, ज्याला हेल्परचा पगार आणि ऑपरेटरचे काम, बारा तासांच्या पाळीत अकराव्या तासाला. एका कारखान्यात तर अपघात दुपारचा आणि कामगाराची ई. एस. आय. नोंदणी त्याच संध्याकाळची, असा प्रकार आमच्या हाती आला होता.

पुढे काय होते? समजा त्याची तीन बोटे गेली. भरपाईच्या तक्त्यात ती ३० टक्के. ई. एस. आय.चे मेडिकल बोर्ड आपले टक्के काढते, जिल्हा रुग्णालयाचे मंडळ अपंगत्वाच्या दाखल्यासाठी दुसऱ्या मापाने आपले काढते. आरक्षण आणि बहुतेक सवलती मिळतात त्या चाळीस टक्क्यांच्या वर. आमचा पोरगा चाळिसाच्या खाली अडकला तर सरकारच्या दप्तरी तो अपंग नाही. मग धडधाकट आहे का? दुसऱ्या कारखान्याच्या गेटवर कंत्राटदाराचा मुकादम रांगेतल्या पोरांना पंजे पुढे करायला सांगतो, आणि याचा पंजा पाहून हाताने खूण करतो, चल पुढे. सरकारला तो पुरेसा अपंग नाही, बाजाराला तो पुरेसा सबळ नाही. या मधल्या पट्टीत किती तरुण उभे आहेत, हे आमच्या औद्योगिक वसाहतीच्या चहाच्या टपऱ्यांवर चहाचे ग्लास धरणारे हात पाहिले म्हणजे कळते.

ही चाळिसाची रेघ अशी का आखतात, याचे एक मार्मिक उत्तर डेबोरा स्टोन या अमेरिकन विदुषीने १९८४ च्या आपल्या ग्रंथात दिले आहे. तिचे म्हणणे थोडक्यात असे की आधुनिक समाजात वाटणीच्या दोन रीती आहेत : कामाप्रमाणे आणि गरजेप्रमाणे. ‘अपंग’ हा शब्द या दोन कोठारांमधला दरवाजा आहे. तो फार उघडला तर काम सोडून लोक तिकडे जातील, ही भीती. म्हणून दारावर डॉक्टर बसवला आणि त्याच्या हाती टक्क्यांची मोजपट्टी दिली. तिचे सारे निष्कर्ष आम्ही मानतो असे नाही, पण मेडिकल बोर्डाच्या बाहेर ज्याने दिवस काढले आहेत त्याला हे वर्णन परके वाटणार नाही.

मोजणीचेही तसेच. २००१ च्या जनगणनेत अपंगत्वाचा प्रश्न आरंभी नव्हताच. अपंगांच्या संघटनांनी आवाज उठवला तेव्हा तो घातला गेला. २०११ च्या जनगणनेत देशात २ कोटी ६८ लाख अपंग निघाले, म्हणजे लोकसंख्येच्या २.२१ टक्के. जागतिक आरोग्य संघटना मात्र जगात सुमारे १६ टक्के लोकांना लक्षणीय अपंगत्व आहे असे २०२२ मध्ये सांगते. आपला देश जगाच्या सातपट निरोगी आहे, असे कोणाला वाटत असल्यास त्याने तालुक्याच्या सरकारी दवाखान्यात एक सोमवार घालवावा. फरक व्याख्येचा आणि विचारण्याच्या पद्धतीचा आहे. जो मोजला जात नाही त्याच्यासाठी अंदाजपत्रकात तरतूद होत नाही.

शब्दांबद्दल फार वाद होतो म्हणून एवढेच. पांगळा, लुळा, थोटा हे शब्द गेले, बरे झाले. अपंग आला, विकलांग आला, आणि २०१५ च्या अखेरीपासून पंतप्रधानांच्या सूचनेवरून दिव्यांग आला. अपंगांच्याच कित्येक संघटनांना तो शब्द रुचला नाही. त्यांचे म्हणणे, आमच्या अंगात दिव्य काही नाही, आम्हांला बसमध्ये चढू द्या. आमचेही मत तेच. ज्याला आपण देव करतो त्याला पगार द्यावा लागत नाही.

आता व्यवहाराचे बोलू. खाजगी कारखान्याला ते सरकारी कलम लागू नाही हे खरे. पण युनियन आणि मालक यांच्यातल्या करारात तसे कलम घालायला कोणत्याही कायद्याची आडकाठी नाही. आम्ही त्याचा मसुदा साधा ठेवतो. कामावर अपघात होऊन अपंगत्व आलेल्या कायम अथवा कंत्राटी कामगारास त्याच्या मूळ वेतनात घट न करता पर्यायी काम द्यावे. पर्यायी काम कोणते ते ठरवताना कामगार, त्याचा प्रतिनिधी व डॉक्टर तिघांनी बसावे. आणि ज्या यंत्रावर अपघात झाला त्याची तपासणी होऊन दोन प्रतिनिधींची सही होईपर्यंत ते यंत्र चालू करू नये. यांपैकी पहिल्या दोन गोष्टींना मालक कुरकुरत का होईना, तयार होतात; स्टोअरमध्ये, तपासणी विभागात, साचे जपण्याच्या खोलीत जागा निघतात. वाटाघाट मोडते ती ‘कंत्राटी’ या शब्दावर आणि बंद यंत्राच्या शेवटच्या वाक्यावर. गेल्या खेपेला ही दोन्ही ठिकाणे आम्ही लाल शाईने तशीच ठेवून मसुदा परत पाठवला. पुढची बैठक जूनमध्ये आहे.